जुन्या जीपमध्ये तेल ओतण्याआधी

डिझेलने लिटरमागे नव्वदी ओलांडल्यापासून नांदेड-लातूरच्या गॅरेजांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. जुन्या गाडीत खाण्याचं तेल चालेल का? चालेल. पण गाडी कोणती, तिचा पंप कोणता, तेल कशाचं आणि महिना कोणता, हे सगळं जुळलं तरच. यातलं एखादं चुकलं तरी गाडी त्या दिवशी चालते, पुढच्या आठवड्यातही चालते, आणि काही महिन्यांनी पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात. नुकसान उशिरा कळतं, म्हणूनच सुरुवात करण्याआधी नीट समजून घ्यायला हवं.

कल्पना जुनी आहे. 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक पिकायचा आणि फ्रेंच सरकारला त्याच्या तेलाचा उपयोग हवा होता. इंजिन इतकं सुरळीत चाललं की ते तेलावर चालतंय हे फार थोड्यांच्या लक्षात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे नोंदवलं आहे. त्यानंतर मात्र पंप आणि नोझल घडत गेले ते पातळ खनिज डिझेलच्या मापाने. 40 अंश तापमानाला डिझेलचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, 2 ते 4.5 सेंटिस्टोक असते. खाद्यतेलांची 30 ते 40. इतक्या घट्ट तेलाचा बारीक फवारा होत नाही, जाड थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो आणि न जळलेलं तेल लायनरवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पुढे जो खटाटोप सांगणार आहे, तो बराचसा या एका दुखण्यावरचा इलाज आहे.

आधी इंजिन बघा. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी एका लहान कप्प्यात पेटतं, ती प्रीचेंबरवाली इंजिनं तेल बऱ्यापैकी पचवतात, कारण तो कप्पा तापलेला असतो आणि तिथे जाड थेंबालाही जळायला अवसर मिळतो. डिझेल अँबेसेडर, मर्सिडीजच्या ओएम 616 जातीचं इंजिन असलेली मॅटाडोर आणि टेम्पो ट्रॅक्स, प्यूजो इंजिनाच्या जुन्या महिंद्रा जीप, 2 लिटरची पहिली टाटा सुमो, 1.4 लिटरची साधी इंडिका ही सगळी या घराण्यातली. एकेकाळी काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जीपगाड्यांत अशी इंजिनं अजून सापडतात. सकाळी सेल्फ मारण्याआधी हीटर प्लगचा दिवा लागत असेल तर बहुधा तुमचं इंजिन यातलंच. तरी मिस्त्रीकडून खात्री करून घ्या. महिंद्राचं डीआय इंजिन किंवा टाटा 407 यांत फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो. तिथे कोळसा फार लवकर धरतो, म्हणून मी त्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. कॉमन रेल, म्हणजे सीआरडीआय इंजिनाबद्दल तर चर्चाच नको. त्यात शुद्ध तेलाचा एक लिटरही ओतू नका. मागे धुराचा फिल्टर असलेल्या बीएस-6 गाडीत तर अजिबात नाही.

मग पंप. एका ओळीत चार प्लंजर असलेला जुना इनलाइन पंप असेल तर उत्तम. त्याची ताकद जास्त असते आणि त्याचा कॅम वेगळ्या ऑइलमध्ये फिरतो. गोल, रोटरी पंपात आतल्या सगळ्या भागांना वंगण मिळतं ते इंधनाचंच. बॉशच्या, आपल्याकडे मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, व्हीई जातीच्या रोटरी पंपाने गरम तेल चालवलेलं आहे. लुकास जातीचा रोटरी पंप मात्र गार घट्ट तेलावर आत जाम होतो आणि त्याचा रोटरच धरतो. पंपावरची पाटी वाचा. वाचता येत नसेल तर डिझेल पंपाचं काम करणाऱ्या मिस्त्रीला दाखवा. साध्या गॅरेजवाल्याच्या अंदाजावर हे ठरवू नका.

आता तेल. इथेच मराठवाड्यातल्या माणसाची सर्वांत मोठी फसगत होते, आणि तिला कारण आहे. या विषयावरचा बराचसा सल्ला जर्मनीतून आलेला आहे. तिथे ट्रॅक्टर आणि जुन्या मोटारी रेपसीडच्या, म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातल्या तेलावर चालवल्या गेल्या. त्या तेलाला इंधन म्हणून डीआयएन 51605 हे स्वतंत्र मानकही आहे. त्या मानकात आयोडीन मूल्य 125 च्या आत असावं अशी अट आहे. आयोडीन मूल्य म्हणजे हवा आणि उष्णता लागली की तेल किती लवकर चिकट होऊन वाळतं याचं माप. जवसाचं मूल्य 170 ते 200 च्या घरात. म्हणून तर ते रंगात आणि व्हार्निशमध्ये वापरतात. करडईचं 140 ते 150. सोयाबीनचं 120 ते 140. सूर्यफूल त्याच्याच आसपास. म्हणजे लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या मोंढ्यात ज्या तेलबियांची पोती उतरतात, त्यांतली बहुतेक तेलं इंजिनासाठी वाईट. ज्या करडईच्या तेलाचा आपल्याला अभिमान, जिचं 'परभणी कुसुम' हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलं, तिचं तेल ताटात कितीही चांगलं असलं तरी तापलेल्या नोझलवर त्याचा लाखेसारखा थर बसतो. जवस तर कुठल्याही प्रमाणात नको.

याच्या उलट सरकीचं तेल 100 ते 115, भुईमुगाचं 85 ते 100, करंजाचं 80 ते 90, मोहाचं 60 ते 70 आणि पामोलिनचं 60 च्या आत. ही तेलं वाळत नाहीत. पण त्यांची दुसरी खोड आहे: थंडीत गोठतात. मोहाचं तेल तर साध्या गारठ्यातही तुपासारखं बसतं. पामोलिन 10 अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत उदगीर, अहमदपूर किंवा नांदेडच्या पहाटे पारा तिथपर्यंत येतो. गढूळ तेलाने फिल्टर चोंदतो आणि गाडी रस्त्यात बंद पडते. म्हणून आपल्याकडे हा उद्योग फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा. थंडीचे उरलेले चार महिने निव्वळ डिझेल वापरा, हा माझा आग्रह आहे.

ताजं तेल विकत घेऊन जाळण्याचा विचार सोडून द्या. ते डिझेलपेक्षा महाग पडतं. आणि पैशांपलीकडचीही एक गोष्ट आहे. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक परदेशातून आणतो; अशा देशात खाण्याजोगं तेल इंजिनात घालणं मला पटत नाही. सोयाबीनला भाव नाही म्हणून घरचंच गाळून वापरू, असं काही शेतकरी म्हणतात. सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम 18 ते 20 टक्के. लहान एक्सपेलरवर तेही पुरतं निघत नाही, बरंचसं पेंडीत राहतं. वर ते आयोडीनच्या हिशोबात न बसणारं.

राहिलं तळून उरलेलं तेल. तेच खरं कामाचं आहे, आणि ते इंजिनात जावं असं मला मनापासून वाटतं, कारण नाहीतर ते पुन्हा कढईत जातं. मोठ्या ठिकाणचं काळं झालेलं तेल स्वस्तात घेऊन त्यावर भजी-वडे तळणारे गाडे प्रत्येक गावात आहेत. तळून तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा एफएसएसएआयचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अशा तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी 'रुको' नावाची मोहीमही सुरू झाली. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळायला लागणाऱ्या व्यावसायिकाने वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आणि ते अधिकृत संकलकालाच द्यायचं, असं बंधन आहे. त्यामुळे मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराने डबे उचलू नका. लातूरमध्ये शिकवणीच्या मुलांच्या खानावळी आहेत, फरसाणाची लहान दुकानं आहेत, लग्नाचे आचारी आहेत. त्यांच्याशी थेट बोला, तेल कोणतं वापरता हे विचारा आणि पामोलिन असेल तरच घ्या. डब्यात सोयाबीन आणि पामोलिन एकत्र झालं असेल तर ते सोडून द्या.

घेताना दोन परीक्षा करा. पहिली पाण्याची. लोखंडी पळीत चमचाभर तेल घेऊन तापवा. तडतडलं तर त्यात पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि तेल चमचाभरच. दुसरी आंबटपणाची, म्हणजे मोकळ्या आम्लाची. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवा. 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 1 मिली तेल मिसळा, त्यात चिमटीभर हळद टाका आणि सोड्याचं पाणी सिरिंजने थेंब थेंब सोडत जा. हळदीचा रंग लालसर होऊन टिकला की थांबा. किती मिली पाणी लागलं ते बघा. दीड-दोन मिलीपर्यंत तेल चालण्याजोगं. त्यावर गेलं की ते पंपाचं पितळ आणि लोखंड खायला लागतं. असं तेल फुकट मिळालं तरी परत करा.

स्वच्छ करायला मराठवाड्याचा उन्हाळा फार उपयोगी आहे. लोखंडी पिंपाला बाहेरून काळा रंग द्या, तळापासून वीतभर वर एक तोटी बसवा आणि पिंप एप्रिल-मेच्या उन्हात ठेवा. तापून पातळ झालेल्या तेलातून पाणी, मीठ, पिठाचा गाळ झपाट्याने खाली बसतो. पिंप काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा, कारण ऊन आणि हवा दोन्ही लागली तर तेल खवट होऊन घट्ट होतं. दोन-तीन आठवड्यांनी त्या तोटीतून काढा, तळाचा भाग घेऊ नका. मग आधी जाड कापड, पुढे 5 मायक्रॉनचा आणि शेवटी 1 मायक्रॉनचा फिल्टर. हे करताना दहा-पंधरा टक्के तेल वाया जातं, ते गृहीतच धरा. पावसाळ्यात उघड्यावर गाळणी करू नका, दमट हवेत तेल पुन्हा पाणी धरतं.

गाडीत दोन टाक्या लागतात. मूळच्या टाकीत डिझेल, वेगळ्या छोट्या टाकीत तेल. गाडी सुरू करायची डिझेलवर. रेडिएटरचं पाणी पुरतं तापलं की ते पाणी एका हीट एक्स्चेंजरमधून फिरवून तेल गरम करायचं आणि पंपाजवळ ते 70 अंशांच्या वर गेलं की व्हॉल्व्ह फिरवून तेलावर जायचं. पंपाच्या तोंडाशी तापमान दाखवणारं मीटर बसवा, अंदाजावर राहू नका. थांबण्याच्या पाच-सात किलोमीटर आधी परत डिझेलवर यायचं, म्हणजे पंप आणि नोझलमधलं तेल धुऊन निघतं. हे विसरलं तर रात्रभर गार झालेलं तेल सकाळी पंपाचा जीव घेतं. गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं इंजिन तापतच नाही, तिला ही व्यवस्था बसवण्यात अर्थ नाही. नांदेड-लातूर किंवा नांदेड-देगलूर अशा सलग फेऱ्या असतील तरच विचार करा.

तेलाच्या वाटेत तांब्याची नळी कुठेही नको, तांब्याच्या संपर्कात तेल लवकर चिकट होतं. स्टील किंवा ॲल्युमिनियम वापरा. जुने रबरी होज फुगतात, ते बदला. टाकी खालून जाळ लावून किंवा घरगुती हीटर टाकून तापवण्याचा उद्योग कुणी सुचवला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

आणि इंजिन ऑइल. न जळलेलं खाद्यतेल क्रँककेसमध्ये उतरून तिथे गोठलं तर अख्खं इंजिन बसतं. म्हणून ऑइल निम्म्या अंतराने बदला आणि दर आठवड्याला गेजची पट्टी काढून बोटांत ऑइल चोळून बघा. पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइल चिकट तार धरू लागलं तर त्याच दिवशी तेल बंद करा, ऑइल काढून टाका आणि नोझल तपासायला द्या.

कायद्याच्या बाजूने डोळेझाक करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि दुसरी टाकी, वेगळं इंधन हा बदलच आहे. आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. पीयूसीत बीएस-4 पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू आहे. नोझलवर कोळसा धरला की गाडी तिथेच नापास होते. तेल किंवा तेलाचं मिश्रण इंधन म्हणून दुसऱ्याला विकणं हा तर सरळ गुन्हा ठरू शकतो.

बायोडिझेल ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मिथेनॉलची प्रक्रिया करून तेल पातळ केलेलं असतं. ते घरी करण्याच्या कृती फिरत असतात. करू नका. मिथेनॉल विषारी आहे, त्याच्या ज्वाळा दिवसा दिसतही नाहीत, आणि ते बाळगायला परवाना लागतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं 'बायोडिझेल' आयएस 15607 या मानकाचं आहे याचा कागद दाखवला जात नसेल तर तिथे टाकी भरू नका.

आता पैशांचा हिशोब मांडू. समजा वापरलेलं तेल 50 रुपये लिटरने मिळालं. गाळणीत वाया गेलेलं धरता लिटरला 57-58 रुपये पडले. तेलात लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के कमी असते, म्हणजे एक लिटर डिझेलची बरोबरी करायला साधारण 63 रुपयांचं तेल लागलं. डिझेल 92 रुपये धरलं तर 29 रुपये वाचले. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या जीपला 90 लिटर लागतं. सुरुवातीचं आणि शेवटचं डिझेल वगळून त्यातलं 75 लिटर तेलावर गेलं तर महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर बचत. जास्तीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर वजा करता हातात राहतात पंधराशे-सोळाशे. त्यातून वर्षातले आठ महिनेच. दोन टाक्यांची जोडणी आणि एखाद्या वेळचं पंपाचं काम यात वर्षाची बचत सहज जाते. ज्याची धाव याहून दुप्पट आहे आणि तेल ज्याला घरच्या खानावळीतूनच मिळतं, त्याला मात्र हे परवडतं. इतरांनी हौस म्हणून करावं, बचत म्हणून नव्हे.

रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मला जास्त आशा वाटते ती विहिरीवरच्या किंवा गिरणीच्या सावकाश फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनाकडून. ते तासन्तास एकाच वेगाने, एकाच भाराने चालतं, पाणी चांगलं तापलेलं असतं. विद्यापीठांतल्या वनस्पती तेलांच्या चाचण्या बऱ्याचदा याच जातीच्या 5 अश्वशक्तीच्या, 1500 फेऱ्यांच्या इंजिनांवर झालेल्या आहेत. आणि त्यासाठीचं तेल खाण्याचं असण्याची गरज नाही. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी करंज उभा आहे. किनवटच्या पलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पॉवरगुडा नावाच्या आदिवासी पाड्यावर बायकांच्या बचत गटांनी करंज लावला, बिया गोळा केल्या, तेलाची गिरणी घातली. त्या तेलामुळे वाचणाऱ्या 147 टन कार्बन डायऑक्साइडपोटी 2003 साली जागतिक बँकेने त्यांना 645 डॉलर दिले. किनवट-माहूरच्या गावांना हे उदाहरण परकं नाही. हवा तीच, झाड तेच, जंगल तेच.

करंजाचं तेल वापरणार असाल तर ते महिनाभर निवळू द्या, वरची आंबटपणाची परीक्षा त्यालाही लावा आणि सुरुवातीला डिझेलमध्ये दहा टक्के, फार तर वीस टक्के मिसळा. त्यापुढे जायचं तर तेल तापवण्याची सोय करा. सायलेन्सरच्या नळीभोवती गुंडाळलेल्या पाण्याच्या वेटोळ्यातून ती होते, तेलाची नळी थेट सायलेन्सरला लावायची नाही. दर शंभर तासांनी नोझल काढून तोंड बघा. पाळी संपली, विहिरीचं पाणी आटलं आणि इंजिन दोन-तीन महिने बंद राहणार असलं तर शेवटचा अर्धा तास ते निव्वळ डिझेलवर चालवा, फिल्टर बदला, इंजिन ऑइल काढून नवं भरा, आणि तेलाची टाकी पुरती रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसून मगच झाकण लावा.